रॉकेट उडताना नाही, उभं असताना माणसं का मरतात?

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या डिचोलीजवळच्या हायस्कुलात विज्ञान दिनासाठी नववीची मुलं रॉकेट अपघातांचा तक्ता करताहेत. ‘जगातले दहा सर्वांत मोठे स्फोट’ अशी क्रमवारी लावायची आहे. कारणाच्या रकान्यात काय लिहावं यावर मुलांचं भांडण चाललंय. भारतात असं काही झालंय का, हे हवंय. आणि शेवटी मैदानावर एक लहान रॉकेट उडवून दाखवायचंय, तर साखर आणि सोऱ्याचं चालेल का?

शेवटच्याचं उत्तर आधी देतो: नाही, शाळेत अजिबात नको. पर्याय खाली मापासकट दिला आहे.

आता तक्त्याविषयी. स्फोटाच्या आकारावर क्रमवारी लावली तर मुलांच्या हाती फारसं काही लागणार नाही. ३ जुलै १९६९ ला बायकोनूरच्या उड्डाणतळावर सोव्हिएत संघाचं चंद्रावर जाण्यासाठी बांधलेलं एन-१ रॉकेट उडालं. वजन सुमारे २,७०० टन. काही सेकंदांत एका इंजिनाचा ऑक्सिजन पंप फुटला, बाकीची इंजिनं बंद पडत गेली आणि अख्खं रॉकेट लाँच पॅडवर परत कोसळलं. अणुबॉम्ब सोडून माणसाच्या हातून झालेल्या सर्वांत मोठ्या स्फोटांत त्याची गणना होते. मेलं कोणी नाही, कारण जवळ कोणी नव्हतंच. याउलट १४ एप्रिल १९६४ ला अमेरिकेत केप कॅनाव्हरलच्या तळावर एका बंद खोलीत अडीचशे किलोच्या आतली एक घन इंधनाची मोटर, म्हणजे घन इंधन भरलेलं रॉकेट इंजिन, पेटली. उड्डाण नव्हतं, नुसती गरगर फिरवून तोल तपासायची तयारी चालली होती. अकराजण भाजले, त्यातले तिघे गेले. तुमच्या यादीत पहिला अपघात सर्वांत वर येईल आणि दुसरा येणारच नाही. आमच्या कामात मात्र शिकवायला घेतात तो दुसराच.

म्हणून क्रमवारी सोडा आणि प्रत्येक अपघाताला तीन प्रश्न विचारा. ऊर्जा कुठे साठली होती? ती कशाने सुटली? आणि त्या क्षणी जवळ कोण होतं, कशासाठी? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पुस्तकात मिळतात. माणसं का मेली हे तिसऱ्यात असतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मृतांचे आकडे काही ठिकाणी एकसारखे सापडणार नाहीत, विशेषतः सोव्हिएत आणि चिनी अपघातांचे, आणि काही चौकशी अहवालांतही कारण ‘बहुधा’ असंच लिहिलेलं आहे. मुलांनी तेही तसंच लिहावं. खोटा नेमकेपणा नको.

सुरुवात नेडेलिन अपघातापासून करा, कारण त्यात सगळंच आहे. २४ ऑक्टोबर १९६०, बायकोनूर. आर-१६ नावाचं नवं आंतरखंडीय क्षेपणास्त्र. यातलं इंधन आणि नायट्रिक आम्लावर आधारलेला ऑक्सिडायझर, म्हणजे जळायला ऑक्सिजन पुरवणारा द्रव, एकमेकांना नुसते भेटले की पेटतात, ठिणगी लागत नाही. वर दोन्ही जहाल विषारी, आणि ऑक्सिडायझर धातू खाणारा. एकदा टाक्यांच्या तोंडाच्या पडद्या फोडून द्रव पाइपात उतरले की रॉकेट एक-दोन दिवसांत उडवायचं, नाही तर रिकामं करून कारखान्यात परत न्यायचं. आदल्या दिवशी गळती आणि विजेच्या वायरिंगचे घोळ निघाले. रिकामं करायचं म्हणजे कित्येक आठवडे गेले असते आणि ७ नोव्हेंबरचा क्रांतिदिन समोर होता. निर्णय झाला की भरलेल्या रॉकेटवरच दुरुस्ती करायची. सोव्हिएत रॉकेट दलाचे प्रमुख मार्शल नेडेलिन स्वतः रॉकेटपासून हाकेच्या अंतरावर खुर्ची टाकून बसले. मार्शल बसलेत म्हटल्यावर बाकीचे कसे जाणार? गरजेपेक्षा कितीतरी जास्त माणसं पॅडवर राहिली.

रॉकेटच्या पोटात एक क्रम-नियंत्रक होता. कोणत्या सेकंदाला कोणता व्हॉल्व्ह उघडायचा ते ठरवणारं फिरतं यंत्र. चाचण्यांनंतर ते शून्यावर आणायचं राहिलं होतं. ते शून्यावर आणताना वाटेत ‘दुसऱ्या टप्प्याचं इंजिन सुरू’ ही खूण ओलांडली गेली. रॉकेटच्या स्वतःच्या बॅटऱ्या तोवर जोडलेल्या नसत्या तर नुसता टिक असा आवाज झाला असता. पण त्या जोडल्या होत्या. दुसऱ्या टप्प्याचं इंजिन पेटलं आणि त्याची ज्वाला थेट खालच्या टप्प्याच्या भरलेल्या टाकीवर पडली. पळणाऱ्यांचे पाय वितळलेल्या डांबरात रुतले. मृतांचा आकडा ७० च्या पुढे नक्की, काही अंदाज शंभराच्या वर जातात. मुख्य अभियंता यांगेल त्याच वेळी सिगारेट ओढायला बंकरमध्ये गेला होता म्हणून वाचला. नेडेलिन विमान अपघातात गेले, असं जाहीर झालं. खरी हकीकत सोव्हिएत वाचकांना छापून मिळायला १९८९ उजाडावं लागलं.

मुलं इथे कारण म्हणून ‘शॉर्ट सर्किट’ लिहितील. तो ठिणगीचा भाग झाला. कारण हे, की भरलेलं, पडद्या फुटलेलं, बॅटरी जोडलेलं रॉकेट दुरुस्तीला घेतलं. या तिन्हींपैकी एक जरी नसतं तरी त्या संध्याकाळी लोक जेवायला घरी गेले असते.

घन इंधनाचा प्रकार वेगळा. तिथे गळती नाही, विषारी वाफ नाही, मोटर वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहते. पण पेटली की विझवता येत नाही, आणि पेटवायला इग्नायटरमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या पेटवणीत, गेलेला थोडासा करंट पुरतो. २२ ऑगस्ट २००३ ला ब्राझीलच्या अल्कांतारा केंद्रावर व्हीएलएस-१ रॉकेट उड्डाणाच्या तीन दिवस आधी मनोऱ्यात उभं होतं. पहिल्या टप्प्याच्या चार मोटरींपैकी एक अचानक पेटली आणि मनोऱ्यातले २१ तंत्रज्ञ गेले. करंट नेमका कुठून आला हे चौकशीत शंभर टक्के ठरलं नाही. स्थिर विद्युत किंवा वायरिंगमधून भरकटलेला प्रवाह, असा निष्कर्ष आहे. माझ्या मते तो प्रश्न दुय्यम. इग्नायटर आणि मोटर यांच्यामध्ये लोखंडी आडोशासारखा यांत्रिक अडथळा असता, तर करंट कुठूनही आला असता तरी मोटर पेटली नसती.

हे समजावायला मुलांना लांब न्यायची गरज नाही. सत्तरी-सांगे भागात काळ्या दगडाच्या खाणीत सुरुंग लावताना भोंगा वाजतो, तो सगळ्यांनी ऐकलेला असतो. तिथल्या ब्लास्टरला, म्हणजे सुरुंग उडवणाऱ्याला, विचारा. सुरुंगाचा स्फोट सुरू करणारे विजेवरचे डिटोनेटर भारतात २०२५ पर्यंत चालत, तेव्हा त्यांच्या दोन तारांची टोकं शेवटच्या क्षणापर्यंत एकमेकींना पिळून ठेवत, म्हणजे भटका करंट आला तरी आत फरक पडत नसे. एक्सप्लोडरची, म्हणजे सुरुंगाला करंट देणाऱ्या यंत्राची, चावी ब्लास्टरच्या स्वतःच्या खिशात असते, दुसऱ्या कोणाकडे नाही. मे महिन्यात ढग गडगडायला लागले की भरणं थांबवून माणसं मागे घेतात. रॉकेटमध्येही हेच तीन नियम आहेत, फक्त नावं भारी आहेत. वीज पडण्याची भीती पुस्तकी वाटत असेल तर जून १९८७ मधला अमेरिकेतला वॉलॉप्स बेटाचा प्रसंग सांगा. वीज पडली आणि पॅडवरची तीन लहान रॉकेट आपली आपण सुटली.

स्थिर विजेबाबत गोव्यात एक गैरसमज हमखास ऐकू येतो: आपल्याकडे हवा इतकी दमट, इथे कसली स्थिर विद्युत? उघड्यावर ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण घन इंधनातला अमोनियम परक्लोरेट ओल ओढतो, म्हणून त्याचं काम कोरड्या केलेल्या, वातानुकूलित खोलीत करावं लागतं. बाहेर जुलैचा पाऊस धो-धो कोसळत असला तरी आतली हवा कोरडी. मालासाठी कोरडेपणा हवा आणि स्थिर विजेसाठी ओलावा हवा. ही ओढाताण कधीच पूर्ण सुटत नाही, म्हणून जमिनीला जोडलेली मनगटपट्टी, वीज वाहणारी फरशी, सुती कपडे हे सगळं लागतं. वर सांगितलेल्या १९६४ च्या खोलीत ठिणगी पडली ती मोटरवरचं प्लास्टिकचं आवरण काढताना झालेल्या घर्षणातून. ते आवरण धूळ बसू नये म्हणून घातलेलं होतं.

लष्करी बाजूला एकच अपघात घ्या, पण नीट घ्या. २९ जुलै १९६७, व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातातली अमेरिकेची विमानवाहू युद्धनौका फॉरेस्टल. डेकवर फँटम विमानाच्या पंखाखाली ५ इंची झुनी रॉकेट लावलेली होती. ती चुकून सुटू नयेत म्हणून दोन सोयी होत्या. एक, लाँचरमध्ये खोचलेली सेफ्टी पिन. दुसरी, रॉकेटला वीज पुरवणारी छोटी केबल, जी विमान कॅटापल्टवर, म्हणजे त्याला डेकवरून फेकणाऱ्या यंत्रावर, पोचून समोर मोकळा समुद्र आल्यावरच जोडायची. केबल शेवटी जोडताना वेळ जातो, म्हणून ती आधीच जोडायची पद्धत पडली होती. पिन आहे ना, मग काय बिघडतं? आणि पिन काढणाऱ्यांना वाटत होतं, केबल शेवटी जोडतात ना, मग पिन आधी काढली तर काय बिघडतं? त्या सकाळी पिनही निघालेली आणि केबलही जोडलेली. वैमानिकाने बाहेरच्या विजेवरून विमानाच्या विजेवर बदल केला, करंटचा झटका बसला आणि रॉकेट डेक ओलांडून समोरच्या विमानाच्या इंधनटाकीत घुसलं.

रॉकेटचा स्फोटही झाला नाही. सांडलेलं इंधन पेटलं, एवढंच. पण त्या विमानाखाली जुन्या साठ्यातले हजार पौंडी बॉम्ब होते, आणि जुना माल उष्णता कमी सोसतो. दीड मिनिटात पहिला बॉम्ब फुटला आणि आग विझवायला सर्वांत आधी धावलेलं पथकच गेलं. एकूण १३४ मृत्यू. दाबोळीच्या बाजूची, वडील नौदलात असलेली मुलं तुमच्या वर्गात असतील तर त्यांना हे पटकन कळेल. डेकवर जागा इतकी कमी असते की लांब उभं राहणं हा पर्यायच नसतो. दोन वर्षांच्या आत, जानेवारी १९६९ ला, एंटरप्राइझ या नौकेवर विमान सुरू करणाऱ्या गाडीचा गरम धूर एका झुनीच्या अंगावर येत राहिला आणि तिचा स्फोट झाला. आणखी २८ जण गेले. दोन्ही वेळा शत्रू जवळपासही नव्हता.

आता माझा मूळ मुद्दा. उड्डाणाच्या दिवशी सगळे सावध असतात, मैलभर लांब असतात. माणसं मरतात ती ‘आज काही उडवायचं नाही’ अशा दिवशी. अपोलो-१ या अमेरिकी यानातले तिघे अंतराळवीर २७ जानेवारी १९६७ ला जमिनीवरच्या चाचणीत आगीत गेले तेव्हा खालच्या रॉकेटमध्ये इंधनच नव्हतं, म्हणून ती चाचणी धोकादायक कामांच्या यादीतच नव्हती. यानाच्या आत शुद्ध ऑक्सिजन मात्र वातावरणापेक्षा जास्त दाबाने भरलेला होता. ९ ऑगस्ट १९६५ ला अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात टायटन-२ क्षेपणास्त्राच्या भूमिगत सायलोत, म्हणजे ते उभं ठेवायच्या खोल विहिरीत, डागडुजी चालली होती. वेल्डिंगने हायड्रॉलिक तेलाची नळी फुटली, तेल पेटलं आणि ५३ कामगार मुख्यतः गुदमरून गेले. क्षेपणास्त्र जागच्या जागी तसंच उभं राहिलं. त्याच राज्यात सप्टेंबर १९८० मध्ये टायटन-२ च्याच दुसऱ्या सायलोत देखभाल करताना पान्याचा जड सॉकेट वीसहून जास्त मीटर खाली पडला, आपटून उसळला आणि इंधनटाकीला भोक पडलं. स्फोट व्हायला आठ तासांहून जास्त वेळ लागला, म्हणून बहुतेक जण बाहेर होते. गेला तो आत पाहणीसाठी परत पाठवलेल्यांपैकी एक.

आणि २६ जुलै २००७, कॅलिफोर्नियातलं मोहावे. एका खासगी अवकाशयानासाठी नायट्रस ऑक्साइड या ऑक्सिडायझरचा नुसता प्रवाह मोजायचा होता. इंधन नाही, इंजिन पेटवायचं नाही. टाकी फुटून तिघे गेले, तिघे जखमी. ते जाळीच्या कुंपणामागे उभे होते. नायट्रस ऑक्साइड स्वतःच विघटन होऊन ऊर्जा सोडतो आणि जाळी काही स्फोट अडवत नाही. याच्या शेजारी १ सप्टेंबर २०१६ ठेवा. केप कॅनाव्हरलला फाल्कन-९ रॉकेट इंधन भरतानाच पॅडवर फुटलं, वरचा उपग्रहही गेला. कोणाला ओरखडाही नाही, कारण भरण सुरू होण्यापूर्वीच पॅड रिकामा करायचा नियम होता आणि तो पाळला गेला.

कारणाच्या रकान्यात ‘मानवी चूक’ लिहू देऊ नका. रशियातल्या प्लेसेत्स्क तळावर १८ मार्च १९८० ला व्होस्टोक रॉकेट भरताना ४८ जण गेले आणि दोष भरणाऱ्या पथकाच्या माथी मारला गेला. पुढे कळलं की हायड्रोजन पेरॉक्साइडच्या गाळणीत शिसं असलेलं डाक (सोल्डर) वापरलं होतं. शिशाच्या स्पर्शाने पेरॉक्साइड भराभर विघटतो, तापतो, ऑक्सिजन सोडतो. कारखान्यात डाक बदलणाऱ्याला पेरॉक्साइड म्हणजे काय हे ठाऊक नसणार आणि गेलेल्यांना तर आपली बाजू मांडताही आली नाही. २ जुलै २०१३ ला रशियाचं प्रोटॉन रॉकेट वाकडं जाऊन कोसळलं, तेव्हा कोनीय वेगाचे, म्हणजे रॉकेट किती वेगाने वळतंय ते मोजणारे, सहापैकी तीन सेन्सर उलटे बसवलेले निघाले. इथे मुलांनी ‘उलटे बसवले’ एवढ्यावर थांबू नये. उलटा बसूच शकतो असा भाग बनवला कोणी, आणि तपासणीत तो पास कसा झाला, तेही विचारावं.

भारताबद्दल. श्रीहरिकोट्याला २३ फेब्रुवारी २००४ ला घन इंधनाच्या कामात आग लागून ६ जण गेले. तेही उड्डाण नव्हतं, तयारी होती. २५ डिसेंबर २०१० ला इस्रोच्या जीएसएलव्ही रॉकेटचे कनेक्टर (विजेचे जोड) उड्डाणात तुटले, रॉकेट ताब्याबाहेर गेलं आणि ते जमिनीवरून हुकूम देऊन फोडण्यात आलं. तक्त्यात हा ‘स्फोट’ म्हणून घातलात तर खाली लिहा की तो मुद्दाम केलेला होता. भरकटलेलं रॉकेट वस्तीवर पडण्यापेक्षा समुद्रावर तुकडे झालेलं बरं. आपलं श्रीहरिकोट्याचं केंद्र पूर्व किनाऱ्यावर असण्यामागे पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा आहेच, पण खाली बंगालचा उपसागर आहे हेही तेवढंच महत्त्वाचं. चीनमधल्या शीचांगचं केंद्र डोंगराळ भागात, वस्तीजवळ आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये तिथे लाँग मार्च-३बी सुटताच कलंडलं, जेमतेम २२ सेकंदांत टेकडीवर आदळलं आणि अधिकृत आकड्यानुसार ६ जण गेले.

आता मैदानावरचं रॉकेट. साखर-सोरा हे खरं घन इंधन आहे, वितळवताना पेटू शकतं, आणि शाळेत तो धोका घेण्याइतकं त्यातून शिकायला मिळत नाही. पाण्याचं रॉकेट करा. न्यूटनचा तिसरा नियम मुलांना स्वतःच्या हाताने कळेल.

बाटली २ लिटरची, कोल्ड्रिंकचीच. साध्या पाण्याची पातळ बाटली दाबासाठी बनवलेली नसते. उन्हात गाडीत राहिलेली, पांढरे चट्टे किंवा चुण्या पडलेली बाटली बाद. पंख चिकटवायला ग्लूगन नको, गरम गोंदाने बाटली तिथेच मऊ पडते. टेप वापरा. टोकाला धातू किंवा टणक प्लास्टिक नको, फोमचा गोळा लावा. पाणी एक तृतीयांश, म्हणजे साधारण साडेसहाशे मिली. दाब ४ बारच्या वर न्यायचा नाही, मीटर असलेला सायकल पंप घ्या. एवढ्या दाबाला आतल्या हवेत सुमारे ५०० जूल साठतात, उंच माडावरून असोला नारळ पडला तर असते त्याच्या दुपटीहून जास्त.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी प्रत्येक बाटली काठोकाठ पाण्याने भरून ५ बारपर्यंत तपासा. हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे भरलेली बाटली फाटली तरी नुसती भिजवते. हवेने भरलेली फुटली तर तुकडे उडतात. मोठमोठ्या टाक्याही आधी अशाच पाण्याने तपासतात.

नळी किमान पाच मीटर. इथे बहुतेक जण चुकतात: सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह कापून बाटलीच्या बुचात बसवतात. तो एकाच दिशेने हवा सोडतो, म्हणजे एकदा भरलेला दाब परत काढता येत नाही. व्हॉल्व्ह पंपाच्या टोकाला ठेवा आणि त्याच्या पुढे टी जोडून एक छोटा बॉल कॉक लावा. बाटली धरून ठेवणाऱ्या कुलपाची दोरीही तेवढीच लांब. पंपाशी एकच मोठा माणूस, डोळ्यांना गॉगल, बाकी सगळे पंधरा मीटर मागे. फोटो काढणारे सरपंच आणि मुख्याध्यापकसुद्धा.

कुलूप ओढूनही बाटली सुटली नाही तर मुलं धावत जाऊन ती हलवू बघणार, हे गृहीत धरा. जायचं नाही. आधी कॉक उघडायचा. नळीतून पहिल्यांदा पाणी येईल, मग हवा. मीटरचा काटा शून्यावर आला की आणखी एक मिनिट थांबून मग बाटलीजवळ जायचं, तेही एकट्या तुम्ही.